मैदान म्हटलं की कोल्हापूरकराला काय दिसतं?

शहरातल्या मोकळ्या सार्वजनिक जागांच्या नावांवर तुम्ही लिहिलंत; त्यात युक्रेनची राजधानी कीव इथल्या 'मायदान'चं मूळ फारसी-अरबी 'मैदान'पर्यंत नेलंत, ते वाचून मजा वाटली. तुर्कांकडून हा शब्द युक्रेनमध्ये गेला आणि २०१३-१४ पासून तिथं 'मायदान' म्हणजे आंदोलनच झालं. जागेचं नाव घटनेला चिकटलं.

आमच्याकडं हे कधीच झालंय! कोल्हापूर भागात कुणी 'रविवारी मैदान हाय' म्हणालं तर मोकळी जागा कुणाच्याच डोक्यात येत नाही. मैदान म्हणजे कुस्त्या. पाच वाजता हलगी कडाडते, लाल माती अंगावर घेत जोड्या फिरतात, आणि 'मैदान कसं झालं?' याचं उत्तर 'निकाली झालं', म्हणजे कुस्त्यांचा निकाल लागला, असं मिळतं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग तर दोन्ही अर्थांनी मैदान. इराणमधल्या इस्फहानच्या नक्श-ए-जहान मैदानात चौगानाच्या (घोड्यावरून खेळायच्या पोलोच्या) गोलचे दगडी खांब अजून उभे आहेत म्हणे, म्हणजे खेळाचं नातं जुनंच.

एक मात्र पटलं नाही. शहरातल्या अशा मोकळ्या जागेबद्दल 'मराठीत याला चौक म्हणतात' एवढ्यावर तुम्ही आटोपलंत. चौक हा संस्कृत 'चतुष्क'वरून आलेला, त्यात 'चार' हा आकडा आहे, रुंदी नाही. (अशा जागेला इटालियनमध्ये 'पियाझ्झा' म्हणतात, त्याच्या मुळाशी रुंद रस्ता आहे, तो वेगळा.) वाड्याच्या आतलं अंगणही चौकच. आणि तीन रस्ते मिळाले तर आम्ही चौक म्हणतच नाही, तिकटी म्हणतो. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. बाहेरगावचे पाहुणे रिक्षावाल्याला 'मिरजकर चौक' सांगतात आणि तो आधी हसतो, मग मीटर टाकतो.