मुळ्याचे हाड
गेल्या शनिवारी आमच्या विद्यार्थी-भयपटाचा पहिला खेळ महाविद्यालयाच्या सभागृहात झाला आणि श्रेयनामावलीत ‘ध्वनी सल्लागार’ म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचे नाव एकटे, ठसठशीत, सावकाश झळकले. ध्वनी प्रत्यक्षात ज्याने केला त्या अस्मादिकांचे नाव त्यानंतर चहा, वाहतूक आणि विशेष आभार यांच्या गर्दीतून भरधाव वर निघून गेले. माझ्या आईलाही ते दिसले नाही, आणि ती केवळ त्यासाठीच आली होती.

भयपटातली भीती कानातून शिरते, हे दिग्दर्शक नावाच्या जमातीला मान्य नसते. आमच्या भुताकडे टाल्कम पावडर आणि काजळ याखेरीज काही भांडवल नव्हते. आवाज बंद करून पाहिले तर ते रात्रपाळीहून परतलेल्या एखाद्या सज्जन कारकुनासारखे दिसते. १९६० सालच्या ‘सायको’मध्ये न्हाणीघरात सुरीचे वार ऐकू येतात, ते खरबुजाच्या जातीच्या एका फळावर केलेले आहेत. १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये त्या मुलीची मान गर्रकन फिरताना जो कडकडाट होतो, तो एका जुन्या चामडी पाकिटाचा आहे. हे सारे मी दिग्दर्शकाला मोठ्या उमेदीने सांगितले, तर त्याने हाडे मोडल्याच्या आवाजासाठी सेलरी ही जाड, करकरीत दांड्यांची विलायती भाजी आणायला सांगितली, कारण परदेशात म्हणे सेलरीच मोडतात. पुण्यात सेलरी ज्या दुकानांत मिळते तिथे वातानुकूलन असते आणि त्याचे पैसे सेलरीतच धरलेले असतात. मी मंडईतून मुळे आणले.

गणपती तोंडावर आल्यामुळे संध्याकाळभर ढोल-ताशांचा सराव चाले, म्हणून ध्वनिमुद्रण मध्यरात्रीनंतर माझ्या स्वयंपाकघरात करायचे ठरले. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्यांवर गोधड्या. मुळा ओल्या पंच्यात गुंडाळून माइकपासून वीतभर अंतरावर पिळायचा असतो. आधी ओले कापड कुरकुरते, मग आतले तंतू एकेक करून तुटू लागतात आणि शेवटी असा काही ‘कडाड्’ उठतो की आपण नकळत स्वतःचे मनगट चाचपून पाहतो. तो कडाड् अगदी मनासारखा उमटला आणि त्याच क्षणी दारावरची बेल वाजली.

दारात खालचे काका उभे होते. एका हाडवैद्याकडे कंपाउंडर म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले आहेत आणि झोप त्यांनी त्याच वेळी सोडली असावी.

“काय रे, एवढ्या रात्री कसली आपटाआपट?”

“काका, हाड मोडतोय.”

“कुणाचं?”

“घरमालकाचं.”

त्यांनी क्षणभर विचार केला आणि भाडेकराराची मुदत संपत आली की असे व्हायचेच, अशा समजुतीने मान डोलावली. खुलासा केल्यावर मात्र ते घरी जातील ही माझी आशा फोल ठरली. खुर्ची ओढून ते बसले, हेडफोन कानांवर चढवला आणि डोळे मिटून त्यांनी तो तुकडा ऐकला.

“हे हाड नाही. हा मुळा आहे.”

“मुळाच आहे काका.”

“तेच म्हणतोय मी. आमच्याकडे हाडं मोडलेली माणसं रांग लावून बसायची.”

“पण ती मोडून यायची ना? तिथे येऊन तर मोडत नसत. मग आवाज तुम्ही कधी ऐकलात?”

“अनुभव असतो रे.”

अनुभवाला उत्तर नसते. मग त्यांनी दाराची करकर ऐकली. फ्लॅटच्या फ्लश डोअरला करकरण्याची अक्कल नसल्यामुळे ती मी झोपाळ्याच्या गंजक्या कड्यांवरून मिळवली होती आणि तिचा मला अभिमान होता.

“तुझं भूत भिंतीतून आरपार जातं ना? मग दार कशाला उघडतंय?”

“ते आलंय, हे प्रेक्षकांना कळायला हवं ना काका.”

“मग बेल वाजवायला सांग त्याला.”

यापुढे उलट्या पावलांत पैंजण असतील तर छुमछुम आधी टाचेकडून येईल की चवड्याकडून, यावर त्यांनी पहाटेपर्यंत माझे मत विचारले, दोनदा चहा घेतला आणि जाताना उरलेल्या मुळ्यांचा पाला कोशिंबिरीसाठी मागून नेला.

१९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये रात्री एकटी चाललेली एक स्त्री आहे. मागची पावले थांबतात, सगळे चिडीचूप होते आणि अचानक ब्रेकच्या फुसकाऱ्यासह एक बस शेजारी येऊन उभी राहते. भूत नाही, श्वापद नाही, नुसती बस. पण थिएटर किंचाळते. तेव्हापासून या धंद्यात अशा खोट्या दचक्याला ‘बस’च म्हणतात. कपाटातून उडी मारणारे मांजर आणि खांद्यावर पडणारा मित्राचा हात हे सगळे तिचेच प्रवासी. आमच्या दिग्दर्शकाला अशी बस हवी होती. माझ्या मुद्रणांतून त्याने नेमका तो तुकडा उचलला, ज्यात हाड मोडते आणि लगेच काकांनी दाबलेली बेल वाजते. सभागृहातली एकमेव किंकाळी त्या बेलवर आली. बेलनंतर आलेली माझी करकर, माझी पावले, कड्या काढताना सोललेले माझे बोट, यांवर कुणी साधे हूं केले नाही. काका मात्र आता लिफ्टमध्ये मला अडवून पुढच्या चित्रपटाची चौकशी करतात आणि ‘मुळा कमी कर’ असे बजावतात.

त्यातून हिशेबाचे तर विचारूच नका. डोके फुटण्याच्या आवाजासाठी मी अवेळी महागडे कलिंगड आणले होते. फुटल्यावर ते सगळ्या युनिटने मीठ लावून खाल्ले, म्हणून खर्चाच्या तक्त्यात त्याची नोंद ‘खानपान’ या सदराखाली झाली. आणि खानपानाचा खर्च ज्याच्या घरी काम चालेल त्यानेच करायचा, असे म्हणे पहिल्याच बैठकीत ठरले होते. त्या बैठकीला मला बोलावलेच नव्हते.