फिलिप आयलंडला जाताय? आधी सूर्यास्ताची वेळ बघा

मेलबर्नला पाहुणे आले की फिलिप आयलंडची फेरी ठरलेली, आणि तिथली चूकही ठरलेली. सकाळी सातला सगळ्यांना गाडीत कोंबायचं, दुपारपर्यंत सगळं उरकायचं, आणि अंधार पडताना समुद्रातून पेंग्विन किनाऱ्यावर यायच्या वेळेला पोरं पेंगतायत, आजीला कधी एकदा घरी जाते असं झालंय.

हा दिवस सूर्यास्तापासून उलटा मोजायचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळतो पावणेनऊच्या आसपास. पेंग्विन त्यानंतर येणार, पुढे 140 किलोमीटर ड्राइव्ह, म्हणजे घरी पोचायला मध्यरात्र. तेव्हा उन्हाळ्यात निवांत जेवून दुपारी निघा. जूनमध्ये सूर्यास्त सव्वापाचच्या आतच होतो. तेव्हा सकाळी नऊला निघालात तरी रात्री साडेआठपर्यंत घरी. मे महिन्याचं ऊन टाळून आईबाबा आले असतील तर हाच काळ सोयीचा. पेंग्विन थोडे कमी असतात आणि बास सामुद्रधुनीचा वारा हाडात शिरतो, एवढंच. भर उन्हाळ्यातही जॅकेट, कानटोपी आणि बसायला जाडसं काहीतरी न्याच. पेंग्विन बघायला बसायच्या पायऱ्या काँक्रीटच्या आहेत. पाऊस असेल तर रेनकोट. छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही.

दिवसा दोनच गोष्टी करा. पहिली कोआला. राखीव जंगलात झाडांच्या उंचीवर लाकडी वाट बांधली आहे, त्यामुळे मान मोडत नाही. फांदीच्या बेचक्यात राखाडी गाठोडं दिसलं की तो कोआलाच. पंजा नीट बघा: पुढच्या पंजाला दोन अंगठे असतात, म्हणून पकड घट्ट. "निलगिरीच्या नशेत झोपतो" ही निव्वळ दंतकथा. त्या पानांत सत्त्व कमी, तंतू आणि विषारी द्रव्यं जास्त. पचवायला वेळ आणि ताकद लागते, म्हणून स्वारी दिवसाचे अठरा-वीस तास पडून असते. आणि कडेवर घेऊन फोटो विसरा, व्हिक्टोरिया राज्यात कायद्यानेच बंदी आहे.

दुसरी नॉबीजचं टोक. सील तिथे दिसतात असं सगळे सांगतात, पण ज्या खडकांवर ते राहतात ते दीड किलोमीटर आत समुद्रात आहेत. नुसत्या डोळ्यांनी ठिपकेसुद्धा धड दिसत नाहीत. दुर्बीण न्या किंवा बेटावरच्या काउज गावाहून बोटीचं तिकीट काढा. इथली वाट सूर्यास्ताआधीच बंद होते, कारण मग रस्त्यावर पेंग्विनांचा हक्क.

हा हक्क फुकट मिळालेला नाही. पेंग्विनांच्या किनाऱ्यालगत, समरलँडला, घरांची अख्खी वसाहत होती. 1985 पासून सरकारने एकेक घर विकत घेतलं आणि 2010 पर्यंत सगळी जागा पक्ष्यांना मोकळी केली. पुढे बेटावरून कोल्हेही हटवले. तिकीट महाग वाटतं तेव्हा हे आठवावं.

पेंग्विन केवढा? 33 सेंटीमीटर, वजन किलोभर, पाठ निळसर. फेसातून दहा-पंधराजणांचा घोळका उभा राहतो, एकजण पुढे येतो, बिचकतो, वळतो, की सगळे परत पाण्यात! दोन-तीनदा असं झालं की मग एकदाचे धावत वाळू ओलांडतात. एकटा पडला तर शिकारी पक्ष्याची भीती, म्हणून ही धडपड.

फोन काढायला सक्त मनाई आहे, फ्लॅश असो वा नसो. यावर कुरकुरणारे भेटतात. मला विचाराल तर यापेक्षा चांगला नियम नाही. चार हजार पडदे उजळले असते तर अंधारात कोण किनाऱ्यावर आलं असतं?

पहिल्या वीस मिनिटांत गर्दी उठू लागते. तुम्ही पार्किंगकडे पळू नका. परतीच्या लाकडी वाटेवर सावकाश चाला, कारण पेंग्विनही त्याच बाजूने बिळांकडे निघालेले असतात, हातभर अंतरावर. पोरांना कठड्यापाशी उकिडवं बसवा. हात मात्र आत. बिळांतून गाढवासारखं ओरडणं ऐकू येईल, दचकू नका: एवढ्याशा पक्ष्याचाच आवाज आहे तो.

गाडी सुरू करण्याआधी वाकून चाकांखाली बघा, तिथे एखादा बसलेला सापडू शकतो. पुढे बेट सोडेपर्यंत गाडी हळू चालवा. वॉलबी (कांगारूची छोटी बहीण) दिव्यांच्या झोतात आली की बाजूला होत नाही, तिथेच थबकते.