सिंह मित्राला चावतो त्याबद्दल

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. 'मॅडागास्कर' हा कार्टूनपट पाच-सहा वर्षांच्या मुलांना खुशाल दाखवा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, अमेरिकेतही त्याला पीजीचा शिक्का आहे, त्यात ढुंगणावरचे विनोद आहेत, सिंह चक्क आपल्या जिवलग झेब्र्यालाच चावतो. त्यापेक्षा आपलं पंचतंत्र बरं.

पीजी म्हणजे 'दाखवू नका' नव्हे, आईवडिलांनी बघून ठरवावं. आपल्याकडच्या यूए शिक्क्याचंही तेच. 2023च्या कायदादुरुस्तीने त्यात 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आले, तरी ठरवायचं घरच्यांनीच. आणि शिक्क्याचं फार मनावर घेऊ नये. सेन्सॉर बोर्डाने 2016 साली 'द जंगल बुक'लाही यूए दिलं होतं. मोगली बघायला मार्गदर्शन!

ढुंगणाला पोरं हसणारच, चाळीत काय नि टॉवरात काय. मी बघते ते हसू कुणाला हिणवून काढलंय का. इथली पाणघोडी ग्लोरिया नुसती जाडी म्हणून चिडवायला ठेवलेली नाही. सिनेमातल्या चौघा मित्रांत डोकं ठिकाणावर असलेली तीच.

आता चावणं. पंचतंत्रातला मगर आठवा. माकडमित्राने दिलेली जांभळं रोज खायची आणि बायकोच्या हट्टापायी त्याचंच काळीज काढायला निघायचं! माकड युक्तीने सुटतं, मैत्री मात्र संपते. अ‍ॅलेक्स हा सिंह भुकेने पिसाटतो, त्याला मित्र मांसाचे तुकडे दिसायला लागतात, पण भानावर आल्यावर तो स्वतःच शरमेने लांब निघून जातो. आणि ज्याला चावला तोच झेब्रा त्याला परत आणायला जातो. मुलांना यातलं जास्त भयंकर काय, तुम्हीच सांगा.

मला खटकलं ते वेगळंच, आणि ते तुमच्या नजरेतून सुटलं. शेवटी सिंहाची भूक भागवतात कशी? पेंग्विन त्याला माशांची सुशी खिलवतात. म्हणजे जनावरं मित्र, मासे मात्र जेवण! दादरला आमच्याकडे रविवारी भाचीने सुरमईची तुकडी ताटाच्या कडेला सारून विचारलं, "मासे बोलत नाहीत म्हणून खायचे का गं?" वहिनीने तिला आणखी भात वाढला. खरा अवघड प्रसंग तो, चावण्याचा नव्हे.

नातू अंधाराला, मोठ्या आवाजाला बिचकत असेल तर घरी, दिवा लावून, शेजारी बसून दाखवा. रात्रीच्या जंगलाच्या प्रसंगात सिनेमा थांबवता तरी येतो. बाकी एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत तो कुठे घाबरला, कुठे हसला, याचा एक शब्द नाही. त्याला विचारून कळवाल का?