गोतावळा पहिल्या गिअरमध्ये

दर जानेवारीत आमचा सगळा गोतावळा पाचगणीला जेवायला जातो. पुण्याहून वाईमार्गे साधारण १०० किलोमीटर. हल्लीची कुठलीही गाडी हे अंतर अडीच-तीन तासांत कापते. आम्ही पहाटे पाचला निघतो आणि जेवणाच्या वेळेबद्दल कुणी कुणाला काही विचारत नाही. कारण या स्नेहसंमेलनाला यायचं ते घरातली सर्वांत जुनी गाडी घेऊन, आणि तेही तिच्या स्वतःच्या चाकांवर. ट्रकवर लादून आणलेली गाडी आमच्यात धरत नाहीत. दोरीने ओढून आणलेली मात्र धरतात, नाहीतर पंगतीला माणसंच उरायची नाहीत.

महिना जानेवारीच. उन्हाळ्यात इंजिनं तापतात, आणि पावसात ड्रमब्रेक भिजले की पहिल्या दोन-चार दाबण्या नुसत्या देवाच्या नावाने जातात.

आधी कायद्याचं. सरकारने २०२१ साली नियम केला की पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातच राहिलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. २०,००० रुपये भरायचे, नोंदणी दहा वर्षं चालते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यालाच परवानगी. आमचा प्रवास रॅलीत मोडतो की नाही यावर घरात दोन तट आहेत, पण दुरुस्तीच्या कलमात आम्ही चोख बसतो. पद्मिनी हे नाव फियाटला १९७४ मध्ये मिळालं. त्यामुळे थोरल्या काकांची त्याच सालची पद्मिनी या मानाला पोचली आहे आणि धाकट्या काकांची १९७९ ची अजून अज्ञान समजली जाते. ग्रुप फोटोत तिला मागे उभी करतात.

पण घरातली खरी फाळणी पान्यांवरून आहे. वडिलांकडचे सगळे फियाटवाले: कुर्ल्यात बनलेल्या १०८९ सीसीच्या गाड्या, वंश इटालियन, नटबोल्ट मिलिमीटरमधले. १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ असे चार पाने असले की निम्मी गाडी उघडते. आईकडचे अ‍ॅम्बेसेडरवाले: उत्तरपाड्याची गाडी, मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, तिचे पाने साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत. आता चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो. सैल नटाला चालूनही जातो. घट्ट नटाला लावून जोर दिला की कोपरे गोल होतात, आणि ‘तुमच्या पान्याने आमचा नट गेला’ हे वाक्य पुढच्या तीन-चार लग्नांपर्यंत टिकतं. म्हणून पान्यांच्या पिशव्या दोन, आणि त्या दोन वेगळ्या डिक्यांत.

तयारी तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधलं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातलं, पेट्रोल उडून जातं, तळाशी चिकट राप उरतो आणि तोच जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तोटीच्या, भोकात जाऊन बसतो. जेट काढून हवेने फुंकायचा. तारेने कोरायचा नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. म्हणून टाकीपासूनचे रबरी पाइप आणि एसी पंपाचा (इंजिनावरच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे पडदा, इथेनॉल सोसणारेच घालायचे. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट इंजिनऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ‘वा, ऑइल वाढलं की!’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला चहाला पाठवायचं, डायफ्रॅम आणि ऑइल दोन्ही बदलायचे, आणि तोवर स्टार्टर मारायचा नाही.

पॉइंट म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे, उघडझाप करणारे दोन संपर्क; त्यांच्यातली फट ०.४ मिलिमीटर. फट मोजायचं फीलर गेज सापडलं नाही तर लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी लावतात; ती काम चालवते, पण पत्रिका किती श्रीमंत घरची यावर फट बदलते. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर पॉलिश पेपर घासत बसू नये, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारी डबी) बदलावा. हा कंडेन्सर मोठा लबाड. थंड असताना उत्तम चालतो, तापला की मान टाकतो; म्हणजे गॅरेजमध्ये नवरदेव आणि घाटात आजारी. जादाचा एक खिशात ठेवावा, आणि तो आधी गाडीवर लावून पाहिलेला असावा. नवाकोरा कंडेन्सर डब्यातूनच मेलेला निघू शकतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र आमच्याकडे कुणी विनोद करत नाही. या गाड्यांना ब्रेकऑइलचा मार्ग एकच असतो. एका चाकाला गळती लागली की चारही चाकं गेली. टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर त्या व्हील सिलिंडरचं रबर बदलायचं आणि नंतर हवा काढायची, सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डावीकडून. दोन माणसं लागतात. एक पेडल मारतो, दुसरा चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, उघडतो आणि मिटतो. निपल मिटल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, नाहीतर बाहेर काढलेली हवा परत आत येते. जमिनीच्या वाटणीवरून ज्या दोन चुलतभावांचं बोलणं बंद आहे, त्यांना दरवर्षी हेच काम देतात. यात तीनच शब्द लागतात: दाब, धर, सोड.

निघायच्या दिवशी निदान एक बॅटरी उतरलेली असतेच. केबल लावायच्या आधी बघायचं की कुणाची अर्थिंग कोणती. ब्रिटिश घराण्यातल्या जुन्या गाड्यांत बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली असते, फियाटमध्ये उणे. केबल अधिकाला अधिक, उण्याला उणे अशीच लावायची, पण दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना लागता कामा नयेत. लागले तर शॉर्टसर्किट होऊन ठिणग्यांची आतषबाजी. म्हणून मामांची जुनी गाडी आणि काकांची पद्मिनी यांच्यात एक हात अंतर ठेवून मध्ये कुणाला तरी उभं करतात. एरवीही हे काम घरात कुणाला तरी करावंच लागतं.

आजोबांच्या जीपला बॅटरीचं सोयरसुतक नाही, ती हँडलवर सुरू होते. फक्त अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांडीभोवती वळवायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटं सुटून येतात, वळवलेला अंगठा येत नाही.

खंबाटकी घाटात संमेलनाला रंग चढतो. या गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. चढावर दुसऱ्यात दम संपला आणि पहिला टाकायला गेलात, तर दातांचा असा आवाज येतो की मागच्या तीन गाड्यांतली वडीलधारी मंडळी माना हलवतात. कृती अशी: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच आणि मग पहिला. हे सगळं गाडी थांबायच्या आत. न जमल्यास सरळ थांबायचं आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. दगड घेऊन उतरणारा माणूस आधीच नेमलेला असतो. तो मागच्या सीटवर दाराजवळ बसतो आणि त्याला झोपायची परवानगी नाही.

वर पोचेपर्यंत फियाटपैकी कुणीतरी आचके देऊन थांबते. पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. पंप वाफ ढकलत राहतो आणि कार्ब्युरेटर उपाशी. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाकायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, पंपाचा छोटा खटका हाताने आठ-दहा वेळा मारायचा, मग स्टार्टर. तापलेल्या इंजिनावर बादली ओतायची नाही, बीड तडकतं. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. या दोन्ही गोष्टी करायला सर्वाधिक उत्सुक असतात ते मुंबईहून लक्झरीने आलेले पाहुणे.

अ‍ॅम्बेसेडरचं दुखणं वेगळं. गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी असते आणि तिच्या खालचे सांधे झिजलेले. घाईत गिअर बदलला की दोन गिअरच्या मध्ये दांडी अडकते, पुढे नाही, मागे नाही. इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं, स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी दोन लिव्हर असतात, ते हाताने सारखे करून न्यूट्रलला आणायचे. दोन मिनिटांचं काम, पण हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. परंपरेने हा मान घरातल्या सर्वांत नव्या जावयाचा, कारण पांढरा शर्ट तोच घालून येतो.

आत्याच्या यजमानांची मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड सर्वांत सोयीची. बॉनेटसकट अख्खा पुढचा भाग वर उचलतो आणि टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. एकच पथ्य: पुढच्या चाकांच्या ट्रनियनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला, ईपी ९० हे गिअरचं ऑइल घालायचं, ग्रीस नाही. ग्रीस आत पोचत नाही, आटे झिजतात आणि एक दिवस चाक मुडपून बसतं. दिसेल त्या निपलला ग्रीसगन लावणारा मेकॅनिक दिसला की यजमान गाडीला आडवे होतात.

सुरूर फाट्याला वळलं की वाईत सगळे एकमेकांची वाट पाहतात, पसरणी घाट चढतात आणि पाचगणीत जेवतात. जेवणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तोवर ते गार झालेलं असतं आणि सगळ्यांच्या हातांना पेट्रोलचा वास येत असतो.

उतरताना नियम एकच: चढायला जो गिअर लागला, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल हळूहळू खाली खाली जाऊ लागतं. मामांना हे मान्य नाही. उतरणीला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचतं, असं त्यांचं ठाम मत आहे. म्हणून पसरणीच्या माथ्यावर मावशी पुढच्या सीटवर येऊन बसते. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या डावीकडे, म्हणजे तिच्याच बाजूला. वाई येईपर्यंत ती दांडी मावशीच्या मुठीत असते.