वरण बंद करू नका: डाळीतल्या ‘विषा’च्या निरोपाला उत्तर

माझी मावशी 74 वर्षांची आहे, माळकरी आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. “अगं, वरण बंद केलंय मी. तूही मुलांना देऊ नकोस.” का म्हणून विचारलं, तर तिने भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला निरोप मला पाठवला. तोच निरोप मला आधी दोन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. ती माझी चूकच झाली. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्या, दात पडलेल्या बाईच्या ताटातून वरण गेलं तर प्रथिन उरतं किती?

निरोपाचं म्हणणं थोडक्यात असं: डाळी-कडधान्यांत ‘ट्रिप्सिन इनहिबिटर’ नावाचं विष असतं. हे माणसाच्या शरीराला पूर्ण परकं आहे. झाडं ते माणसाला दूर ठेवायला बनवतात. त्याने प्रथिनं पचत नाहीत, स्वादुपिंड सुजतं, आणि हे उंदरांवर सिद्ध झालं आहे. शिजवूनही ते जात नाही. प्राणिज अन्नात असलं काही नसतं, म्हणून डाळ सोडा आणि अंडी-दूध घ्या.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते, ही प्रथिनं माझ्या रोजच्या शिकवण्यातली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“हे शरीराला परकं आहे.” सगळ्यात मोठी चूक इथे आहे, म्हणून इथेच जरा जास्त थांबते. प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमना प्रोटीएज म्हणतात. ट्रिप्सिन हे त्यातलंच एक, आणि त्याला जखडून अडवणारं प्रथिन म्हणजे ट्रिप्सिन इनहिबिटर. ते प्रथिनाची साखळी लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांपाशी कापतं. आता विचार करा, ही कात्री जिथे तयार होते ते स्वादुपिंडही प्रथिनांचंच बनलेलं आहे. मग ते स्वतःला का कापून टाकत नाही? एक तर कात्री मिटलेल्या अवस्थेत, ट्रिप्सिनोजेन म्हणून तयार होते आणि आतड्यात पोचल्यावरच उघडते. आणि त्यातूनही एखादी वाटेतच उघडली, तर तिला जागच्या जागी जखडायला स्वादुपिंड सोबत स्वतःचाच ट्रिप्सिन इनहिबिटर देतं. त्याचं नाव स्पिंक-1. ज्यांच्यात या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो, त्यांना स्वादुपिंडाला वारंवार सूज येण्याचा धोका वाढतो. निरोप ज्याला स्वादुपिंडाचा शत्रू म्हणतो, त्याच जातीचं प्रथिन स्वादुपिंडाची राखण करत असतं.

फुप्फुसाचं तर याहून ठळक उदाहरण आहे. जंतू मारायला आलेल्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं प्रोटीएज सोडतात. काम झाल्यावर ते आवरलं नाही, तर फुप्फुसाचे लवचीक धागेच कापले जातात. ते आवरायला यकृत अल्फा-1 अँटिट्रिप्सिन बनवतं आणि रक्तात सोडतं, एका लिटरमागे साधारण एक ते दोन ग्रॅम. 1963 साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन हे रक्तातल्या प्रथिनांचे पट्टे तपासत होते. पाच नमुन्यांत याच प्रथिनाचा पट्टा जवळजवळ गायबच होता. त्या पाचांपैकी तिघांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. एक ‘इनहिबिटर’ कमी पडला, एवढंच कारण.

हे प्रथिन काम कसं करतं, ते दरवर्षी शिकवताना मला तितकीच मजा वाटते. त्याच्या अंगाबाहेर एक वळसा आलेला असतो, इलास्टेजपुढे धरलेलं आमिषच म्हणा. इलास्टेजने तो कापला की तुटलेलं टोक सापळ्याच्या स्प्रिंगसारखं आत झेपावतं आणि त्याला चिकटलेल्या इलास्टेजलाही सोबत ओढून प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन आपटतं. कात्रीची पाती वाकडी होतात. यात दोघंही कामातून जातात. त्या वळशावर 358 व्या जागी मेथिओनिन आहे. सिगारेटच्या धुराने त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि सापळा निकामी होतो. धूम्रपानाने फुप्फुसं झिजतात, त्यामागचं हे एक कारण.

याच कुळातलं अँटिथ्रॉम्बिन रक्ताच्या नको तिथे गुठळ्या होऊ देत नाही. हेपरिन नावाचं इंजेक्शन देतात, ते याच अँटिथ्रॉम्बिनचा वेग शेकडो पटींनी वाढवतं. गुठळी, सूज, पचन, सगळीकडे कापणारे आहेत आणि आवरणारेही. आवरणारे नसते तर आपण जगलोच नसतो.

“प्राणिज अन्नात असलं काही नसतं.” असतं. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांचा साधारण दहावा हिस्सा ओव्होम्युकॉइड नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि तो ट्रिप्सिन इनहिबिटरच आहे. गंमत अशी की तो गाईच्या ट्रिप्सिनला घट्ट धरतो, माणसाच्या ट्रिप्सिनवर मात्र त्याचा फारसा जोर चालत नाही. कुलूप-किल्ली इतकी नेमकी असते. ‘इनहिबिटर’ हा शब्द दिसला की घाबरायचं, हे म्हणूनच चुकीचं आहे. कोणाचा, कशासाठी, किती, हे विचारावं लागतं.

आणि ज्या खरवसावर आपण तुटून पडतो, तो ज्या चिकाचा करतात त्या चिकातही ट्रिप्सिन इनहिबिटर भरपूर असतो. वासराला जन्मतः रोगप्रतिकारक प्रथिनं नसतात, ती त्याला पहिल्या दिवसाच्या चिकातूनच मिळतात. ती पोटात कापली न जाता रक्तात पोचावीत, ही सोय गाय त्या इनहिबिटरने करते. दोन-चार दिवसांत त्याचं प्रमाण उतरतं. आईच्या दुधातही अल्फा-1 अँटिट्रिप्सिन असतं. मग आईच्या दुधालाही विष म्हणायचं का?

“उंदरांवर सिद्ध झालं आहे.” हे अर्धं खरं आहे, आणि खरं ते मान्य करायलाच हवं. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत आणि तेच सोयाबीन शिजवून दिलं की वाढतात, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी 1917 मध्येच दाखवलं होतं. 1945 मध्ये कुनिट्झ यांनी सोयाबीनमधल्या इनहिबिटरचे शुद्ध स्फटिक मिळवले. कारणही पुढे उलगडलं. आतड्यात ट्रिप्सिन जखडलं गेलं की शरीराला वाटतं पाचकरस कमी पडला, म्हणून स्वादुपिंड आणखी रस गाळत राहतं. तो रस स्वतः प्रथिनच, त्यातही गंधक असलेल्या अमिनो आम्लांनी भरलेला. तो विष्ठेतून वाया जातो आणि सोयाबीनमध्ये ती आम्लं मुळात कमी, म्हणून उंदराची वाढ दोन्हीकडून खुंटते. उंदराचं आणि कोंबडीच्या पिलाचं स्वादुपिंड यात मोठं होतं. डुकराचं, कुत्र्याचं, वासराचं तसं होत नाही. निरोपाने यातलं ‘कच्चं’ हे एकच विशेषण गाळलं, आणि सगळा अर्थ फिरला. आपण तुरीची डाळ कच्ची खात नाही.

“शिजवूनही जात नाही.” इनहिबिटर हे प्रथिन आहे, खनिज नव्हे. त्याचं काम त्याच्या आकारावर चालतं. एक वळसा ट्रिप्सिनच्या मुखात बरोबर बसतो आणि सुटत नाही, बस. उकळत्या पाण्यात तो आकार उसवतो. सोयाबीनमधला दुसरा इनहिबिटर, बोमन-बर्क, जास्त चिवट असतो, कारण 71 अमिनो आम्लांच्या त्या छोट्याशा प्रथिनाला गंधकाचे सात टाके घातलेले असतात. म्हणूनच भिजवणं आणि कुकर, दोन्हींचा उपयोग होतो: पाणी दाण्याच्या आतपर्यंत मुरलं की उष्णताही आत पोचते, आणि कुकरमध्ये तापमान शंभराच्या बरंच वर, 120 अंशांच्या आसपास जातं. मावशी तूर अर्धा तास भिजवते, हळद-हिंग घालून कुकरला लावते आणि डाळ रवीने घोटता येईल इतकी मऊ करते. तेवढ्यात बहुतांश इनहिबिटर संपलेला असतो. शिवाय तूर-मुगात तो सोयाबीनच्या मानाने मुळात बराच कमी. मोड आणल्यावर आणखी घटतो.

उरलेल्या किंचित अंशाबद्दल उलट्या टोकाचा निरोपही फिरतो, की तो कर्करोग बरा करतो. तोही पाठवू नका. बोमन-बर्कची तोंडातल्या कर्करोगपूर्व चट्ट्यांवर रीतसर चाचणी झाली आणि तो तुलनेसाठी दिलेल्या नकली औषधापेक्षा सरस ठरला नाही.

“झाडं माणसाला दूर ठेवायला हे बनवतात.” माणसाला नव्हे, अळीला. 1972 मध्ये ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की किडीने टोमॅटोचं एक पान कुरतडलं की दूरच्या, न चावलेल्या पानांतही इनहिबिटर साठू लागतो. झाड सावध होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हरभऱ्यावरच्या घाटेअळीवर याच अंगाने संशोधन झालं आहे. ती अळी चिवट आहे, एक प्रोटीएज बंद पडलं की दुसरं वापरू लागते. दाणा, अळी आणि प्रोटीएज यांची ही जुनी झुंज, त्यात आपल्या वरणाचा संबंध कुकर लावेपर्यंतच.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमकं विचारलं, “मग दळणात सोयाबीन घालते त्याचं काय?”

हा प्रश्न निरोपात यायला हवा होता. अनेक घरांत गव्हाच्या दळणात मूठ-मूठ सोयाबीन कच्चंच टाकतात. पोळी तव्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटं असते, तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात 20-25 मिनिटं उकळावं, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवावं आणि मगच दळणात घालावं. कोंबड्या पाळणाऱ्यांनीही कच्चा सोयाबीन भरडून घालू नये; पेंडीच्या कारखान्यात ती वाफेवर भाजतात ती याचसाठी. आणि पेंड पुरेशी भाजली गेली का, हे बघायला तिथे युरिएज नावाच्या दुसऱ्या एन्झाइमची चाचणी करतात, कारण तेही साधारण तेवढ्याच उष्णतेने मरतं.

मावशीने दळणाचा डबा गिरणीतून परत मागवला. वरण त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झालं.