कोच कोण, हे ठरवतं कोण?

१९ ऑक्टोबर २०२५च्या रविवारी ॲनफिल्डवर ८४व्या मिनिटाला हॅरी मग्वायरने डोक्याने गोल केला, मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि ठाण्यातल्या आमच्या युनायटेड-चाहत्यांच्या ग्रुपवर दोन महिने पेटलेला वाद क्षणात थंडावला. ठाण्यात तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते, दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. इथे हाम्बुर्गमध्ये मी आईने पाठवलेली उटण्याची पुडी बाहेर काढून ठेवली होती आणि फोनवर एकामागून एक लाल बदाम येत होते.

वाद साधा होता. युनायटेडचा कोच रुबेन अमोरिमला काढायचं, तर आणायचं कोणाला? ऑगस्टच्या शेवटी लीग कपात युनायटेड चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीकडून पेनल्टींवर ११-१२ हरलं, सप्टेंबरात ब्रेंटफर्डने ३-१ झोडपलं, आणि प्रत्येक पराभवानंतर नवं नाव पुढे येत गेलं. क्रिस्टल पॅलेसचा ग्लासनर, बोर्नमथचा इराओला, इंग्लंडचा माजी कोच साउथगेट, आणि झिदान तर कायमचाच. माझ्या मामेभावाने एक तक्ता केला होता. कोण तीन बचावपटू खेळवतो, कोण चार, कोणाच्या हाताखाली किती तरुण पोरं पुढे आली. तो नोकरीला भांडुपला जातो, रात्री दहाला घरी येतो, आणि जेवण झाल्यावर हे सगळं करतो. मी त्याचा तक्ता मनापासून वाचते. त्यात अभ्यास असतो.

तरीही मला वाटतं की आमचा ग्रुप चुकीच्या प्रश्नावर भांडतोय, आणि हे मला हाम्बुर्गने शिकवलं.

२०२४च्या दिवाळीत मी ठाण्यात होते, नौपाड्यात, मामाकडे. रविवारी वेस्ट हॅमविरुद्ध शेवटच्या मिनिटांत व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचाने, पेनल्टी दिली आणि युनायटेड १-२ हरलं. नऊ सामन्यांत अकरा गुण, चौदावा नंबर. सोमवारी वसुबारस. मामी खाली सोसायटीत गाय-वासराच्या पूजेला गेली होती, स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर चिवडा गार व्हायला ठेवलेला, आणि मामेभाऊ गॅलरीतून ओरडत आत आला, "ताई, काढला! टेन हागला काढला!" तासाभरात त्याचे चार मित्र हजर. चिवड्याचा कागद अर्धा रिकामा झाला, पण नाव काही ठरेना. शेवटी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी क्लबने नवा कोच म्हणून अमोरिमचं नाव जाहीर केलं. मामेभावाने देवापुढचा पेढा उचलून आधी माझ्या हातावर ठेवला. "आता बघ," म्हणाला.

मी परत आले आणि तीनच आठवड्यांत माझ्या इथल्या क्लबनेही कोच काढला. हाम्बुर्गचा एचएसव्ही. १९६३ला बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची पहिली श्रेणी, सुरू झाली तेव्हापासून २०१८पर्यंत एकदाही खालच्या श्रेणीत न गेलेला एकमेव क्लब, १९८३चा युरोपियन कप जिंकलेला. स्टेडियममध्ये एक घड्याळ होतं, क्लब पहिल्या श्रेणीत किती वर्षं, दिवस, तास आहे ते दाखवणारं. २०१८च्या मे महिन्यात क्लब खाली गेला. मला तेव्हा या शहरात येऊन दोन वर्षं झाली होती. शेजारचे आजोबा त्या संध्याकाळी जिन्यात भेटले आणि नेहमीचा नमस्कार न करता वर गेले. पुढची सहा वर्षं क्लब वर यायचा प्रयत्न करत होता आणि दर वसंतात अडखळत होता.

२०२३चा २८ मे मी विसरणार नाही. कोपऱ्यावरच्या पबमध्ये उभं राहायला जागा नव्हती. झांडहाउझेनला एचएसव्हीने १-० सामना जिंकला, चाहते मैदानात धावले, वर आलो म्हणून लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि तिकडे रेगेन्सबुर्गला, वर जायच्या त्याच जागेसाठी झुंजणाऱ्या हायडेनहाइमचा सामना अजून संपलेला नव्हता. ०-२ने मागे पडलेल्या त्या संघाने भरपाईच्या वेळेत दोन गोल करून ३-२ सामना काढला. शेवटचा गोल ९९व्या मिनिटाला. माझ्याशेजारच्या बाईच्या हातात बिअरचा ग्लास तसाच होता, तिने तो टेबलावर ठेवलाच नाही, कितीतरी वेळ.

हायडेनहाइम हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव, आपल्या अंबरनाथहून कितीतरी लहान. त्यांचा कोच फ्रांक श्मिट, त्याच गावात जन्मलेला, तेव्हा २००७पासून तोच होता. तेवढ्या काळात एचएसव्हीने विसाच्या आसपास कोच बदलले. ज्याने आमच्या तोंडचा घास काढला, त्याच्याकडे पैसा आमच्याहून कमी होता, नाव तर नव्हतंच. त्याला निवडणारी माणसं मात्र धीराची होती.

आता २०२४च्या नोव्हेंबरात येते. एचएसव्हीने श्टेफेन बाउमगार्टला काढलं तेव्हा इथेही नावांचा पाऊस पडला. क्लबने तात्पुरतं म्हणून सहायक कोच मेर्लिन पोल्त्सिनला उभं केलं. वय ३४, हाम्बुर्गचाच मुलगा, लहानपणी याच संघासाठी स्टँडमध्ये ओरडलेला. २०२०पासून तो वेगवेगळ्या मुख्य कोचांच्या हाताखाली राबत होता. संघ सावरला, ख्रिसमसच्या सुमाराला त्यालाच कायम केलं. १० मे २०२५ला उल्मला ६-१ हरवून एचएसव्ही सात वर्षांनी वर आला. रात्रभर आल्टोनाच्या रस्त्यांवर भोंगे वाजत होते. शेजारचे आजोबा जिन्यात उभे होते, रडत, आणि या वेळी त्यांनीच माझा हात धरला.

त्यानंतर अकरा दिवसांनी बिलबाओला युनायटेड युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून ०-१ हरलं. लीगमध्ये पंधरावा नंबर, ४२ गुण. ठाण्यात रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील तेव्हा मामेभावाचा फोन आला. तो बोलला नाही. मीही नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाला, "झोप ताई, उद्या ऑफिस असेल तुला."

या दोन गोष्टी शेजारी ठेवून "बघा, घरचाच कोच बरा" असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या श्रेणीतून वर येणं वेगळं आणि इंग्लंडच्या लीगमध्ये तगणं वेगळं. पोल्त्सिनच्या आधीही एचएसव्हीने घरची माणसं लावून पाहिली होती, ती टिकली नाहीत. माझं म्हणणं कोचच्याही आधी सुरू होतं.

युनायटेडचंच घ्या. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६च्या नोव्हेंबरात आले आणि पहिली ट्रॉफी मिळाली १९९०ला. मधली साडेतीन वर्षं कोरडी. आजच्या हिशेबाने त्यांना दोन-तीनदा तरी काढलं गेलं असतं. त्यांना धरून ठेवणारी माणसं होती म्हणून पुढची वीस वर्षं घडली. २०१३ला ते निवृत्त झाले, तेव्हा मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात पद सोडून गेले. कोच गेला हे सगळ्यांनी पाहिलं. कोच निवडणारा, खेळाडू आणणारा, वाईट दिवसांत "थांबा" म्हणणारा माणूसही त्याच दाराने बाहेर पडला, याची चर्चा फार झाली नाही. मग मोयेस दहा महिने, फान खाल दोन वर्षं आणि एफए कप जिंकल्याच्या पाठोपाठ घरी, मग मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग. एकाला बचावात्मक खेळ हवा, दुसऱ्याला चेंडू पायात धरून ठेवायचा, तिसऱ्याला वेगाने पुढे धावायचं. प्रत्येकासाठी वेगळे खेळाडू विकत घेतले आणि पुढच्याच्या गळ्यात मारले.

२०२४चा उन्हाळा याचा कळस. एफए कप जिंकल्यावर क्लबने आधी इतर कोचांची चाचपणी केली, मग टेन हागलाच ठेवलं, जुलैत करार वाढवला, पाच नवे खेळाडू आणले, आणि लीगचे नऊ सामने झाल्यावर त्याला काढलं. हे सगळं पाहायला म्हणून जुलैत आणलेला क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ डिसेंबरात स्वतःच बाहेर. मग तक्त्यात तीन बचावपटू आहेत की चार, याने काय होणार? अमोरिम बरोबर की चूक हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्याला तीन वर्षं द्यायला हवीत, असं मालकांपैकी जिम रॅटक्लिफ २०२५च्या ऑक्टोबरात बोलले, तेव्हा मला हायसं वाटलं. असे शब्द पाळले जातात की नाही, यावर आमच्या ग्रुपने भांडावं. ते भांडण खरं ठरेल.

इथे ते भांडण भांडायला जागा असते. जर्मनीत नियम आहे की क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त हक्क सभासदांच्या संस्थेकडेच राहायला हवा. सभासद सभेला जातात, अध्यक्ष निवडतात, उठून तोंडावर विचारतात. त्याने सगळं सुरळीत चालतं असं मुळीच नाही, एचएसव्हीच याचा दाखला आहे. पण आजोबांचा राग कुठेतरी लिहिला जातो. माझ्या मामेभावाचा राग कुठेच लिहिला जात नाही.

आणि इथेच माझं इथल्या लोकांशी भांडण होतं. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला होता, दूरदेशीचे चाहते हे फक्त गिऱ्हाईक, टीशर्ट घेणारे. मी त्याला त्या रात्री ऐकलेला पंख्याचा आवाज सांगितला. अडीच वाजता उठून बसलेला माणूस गिऱ्हाईक नसतो. आपल्याकडे हिवाळ्यात सामना रात्री दीडला सुरू होतो, सकाळी आठ-पाचची लोकल पकडायची असते, आणि तरी पोरं जागतात. हे प्रेम खरं आहे, आणि म्हणूनच त्याचा थोडा भाग घराजवळही पोहोचावा असं मला वाटतं.

माझा भाचा आठ वर्षांचा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका टर्फवर आठवड्यातून तीन संध्याकाळी फुटबॉल शिकतो. वर्षभरात त्याचे तीन सर बदलले. पहिल्या सरांनी त्याला डाव्या पायाने चेंडू थांबवायला शिकवलं होतं, दुसऱ्यांनी गोलकीपर केलं, तिसऱ्यांना त्याचं नाव अजून नीट येत नाही. २०२४च्या दिवाळीत मी जाळीबाहेर आईबाबांच्यात तासभर उभी होते. युनायटेडचा नवा कोच कसा असेल यावर छान चर्चा चालली होती. पहिले सर का गेले, त्यांना पगार वेळेवर मिळत होता का, हे मी विचारलं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. भाच्याला मात्र ते सर आठवतात. अजूनही चेंडू थांबवताना तो डावा पाय पुढे टाकतो आणि इकडेतिकडे बघतो.

२०२५च्या १४ ऑक्टोबरला मडगावात भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. ग्रुपवर लगेच सुरू झालं, भारताचा कोच खालिद जमीलला काढा, परदेशी मोठं नाव आणा. ऑगस्टमध्ये खालिदची नेमणूक झाली, त्याच्या आधीच्या महिन्यातच स्पेनचा नामवंत माजी खेळाडू शावी याच्या नावाने कोचपदासाठी अर्ज आल्याची बातमी फिरली होती. महासंघाने नंतर सांगितलं, तो ईमेल खरा नव्हता. तेव्हा आमच्यातले निम्मे हळहळले होते. खालिदला येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण मी त्याला पाहिलंय.

बाबा रोव्हर्स कप बघत मोठे झालेले, त्यामुळे मुंबईत फुटबॉल म्हणजे कुपरेज मैदान हे आमच्या घरात ठरलेलं. २०१५च्या सुमाराला आम्ही ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसटीला उतरून मुंबई एफसीचे सामने बघायला जायचो. खालिद २००९पासून सात वर्षं त्यांचा कोच. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असायच्या, त्यामुळे मैदानावरचं बोलणं ऐकू यायचं. एकदा एक बचावपटू चुकला आणि गोल झाला. खालिद ओरडला नाही. रेषेपाशी जाऊन त्याला जवळ बोलावलं, हाताने दोन पावलांचं अंतर दाखवलं, खांद्यावर थोपटून परत पाठवलं. बाबा म्हणाले, "हा शिकवतोय रे." पुढे २०१७ला त्याच माणसाने मिझोरमच्या ऐझॉल क्लबला देशाची आय-लीग जिंकून दिली, सगळा देश चकित झाला. त्याच मोसमात मुंबई एफसी खाली घसरला आणि मग उरलाच नाही. त्या क्लबचा पुढचा कोच कोण, यावर आमच्यापैकी एकानेही एक ओळ लिहिली नव्हती. मीसुद्धा नाही. मी तेव्हा हाम्बुर्गमध्ये एचएसव्हीचं गुणकोष्टक पाठ करत होते.

२०२५च्या भाऊबिजेला मामेभावाला व्हिडिओ कॉल केला. ओवाळून झालं, म्हणजे मी इथून ताट फिरवलं आणि त्याने तिथे मान पुढे केली. मग हे सगळं त्याला सांगितलं. तो थोडा दुखावला. म्हणाला, "ताई, म्हणजे आम्ही युनायटेड सोडायचं का?" नाही रे, मी म्हटलं, मी कुठे सोडलंय. मी डिसेंबरात येतेय. मुंबईची लीग कुपरेजला असते, वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावरही. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारणाऱ्या मुंबईच्या खेळाडूचं नाव आहे त्या मैदानाला. भाच्यालाही घेऊन जाऊ.

तो बराच वेळ फोनमध्ये काहीतरी बघत होता. मग विचारलं, "दादरला उतरून वांद्र्याची गाडी पकडायची ना? आणि कोच कोण आहेत गं त्या टीम्सचे?"

मी म्हटलं, माहीत नाही, तूच शोध आणि तक्ता कर.

"करतो," तो म्हणाला, आणि आतून मामीने हाक मारली म्हणून उठून गेला.