ओझं कोणाचं आणि भार कोणाचा

सर्वांना सलाम.

"प्रार्थना करून सांगतो." आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, नकार देण्याची ही सगळ्यात सभ्य रीत. समोरच्यालाही ते कळतं, पण तोही भाविकपणे "हो, हो, प्रार्थना करा" म्हणतो. पुढे प्रार्थना होत नाही आणि उत्तरही जात नाही. तीन आठवड्यांनी फोन येतो, "मग काय ठरलं?" तेव्हा ओशाळून तोंडातून "हो" निघून जातो. मत्तय ५:३७ मध्ये होय तर होय आणि नाही तर नाही असं म्हटलंय. ते वचन शपथांविषयी आहे हे मान्य, पण ज्याच्या साध्या शब्दावर विश्वास ठेवता येतो त्याला शपथ लागत नाही, हाच तर त्याचा अर्थ. खरंच प्रार्थना करायची असेल तर तारीख सांगा: "गुरुवारी संध्याकाळी कळवतो." आणि गुरुवारी कळवा.

नाही म्हणताना अपराधी वाटतं, कारण आपल्यावर एक वचन फेकलं जातं: "एकमेकांची ओझी वाहा." गलतीकरांस पत्र, अध्याय ६, वचन २. फेकणारा तिथेच थांबतो. आणखी तीन वचनं पुढे गेलं की पौल म्हणतो, प्रत्येकाने आपापला भार वाहावा. विसरून उलटं लिहिलं असेल असं नाही, मूळ ग्रीकमध्ये दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनात 'बारोस', म्हणजे माणसाला चिरडणारं वजन. पाचव्यात 'फोर्तिओन', म्हणजे ज्याने त्याने वाहायचा ठरलेला बोजा. "माझं ओझं हलकं आहे" असं येशू म्हणतो तिथेही हाच शब्द आहे. नवरा गेला, घर पुरात गेलं, कॅन्सर निघाला, हे बारोस. महिन्याचा किराणा, मुलाचा अभ्यास, आपला राग आवरणं, आपल्या चुकीची माफी मागणं, हा फोर्तिओन. गडबड होते ती एकाचा फोर्तिओन दुसऱ्याच्या डोक्यावर बारोस होऊन बसतो तेव्हा.

म्हणून कोणी काही मागितलं की मनात तीन प्रश्न विचारावेत. हे संकट आहे की रोजचं काम? मी केलं नाही तर हा माणूस कोसळेल की फक्त नाराज होईल? आणि हेच मी मागच्या वेळीही केलं होतं का? तिसऱ्याचं उत्तर "हो, चौथ्यांदा" असेल तर नीतिसूत्रे १९:१९ वाचा. रागीट माणसाला एकदा सोडवलंत तर पुन्हा पुन्हा सोडवावं लागेल, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या तरण्या मुलाचा दंड आईनेच दर वेळी भरला, तर त्याचा धडा शिकण्याचा रस्ता आईनेच बुजवलेला असतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक १०) आपण संडे स्कूलपासून ऐकतो, पण तिच्यातला हिशेब कोणी शिकवत नाही. त्याने वाटेत लुटून टाकलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि तो आपल्या वाटेला लागला. जखमी माणसाला घरी नेऊन सांभाळलं नाही, की आपला प्रवासही रद्द केला नाही. "जास्त लागलं तर परतताना देईन" असंही म्हणाला, म्हणजे हात आखडता नव्हता. पण कोण, किती, कुठपर्यंत हे त्याने ठरवलेलं होतं.

आता पैसा. आपल्या लोकांची सगळ्यात जास्त नाती इथेच तुटतात, त्यातही जामिनकीवरून. "नुसती सही पाहिजे, बाकी काही नाही." ही नुसती सही नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागून थकल्यावरच पतसंस्थेने तुमच्याकडे यावं, असं बंधन तिच्यावर नाही. ती थेट तुमच्या दारात येऊ शकते. सहकारी संस्थांना महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यातल्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो, त्यावर जप्तीपर्यंत जाता येतं. कर्ज थकलं की तुमचाही क्रेडिट रिपोर्ट खराब होतो आणि तुमच्याच घराचं कर्ज अडतं. रक्कम एकदा वाटप झाली की "मी माझी जामिनकी मागे घेतो" असं एकतर्फी म्हणता येत नाही. दुसरा जामीनदार आणून संस्थेने लेखी मान्यता दिली तरच सुटका.

नीतिसूत्रेकाराला हे सगळं ठाऊक असावं. अध्याय ६ मध्ये तो म्हणतो, जामीन राहिला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिणी निसटते तसा निसट. अध्याय २२ मध्ये विचारतो, फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण का जाऊ द्यायचं? पण बायबलमध्ये एक जामीनदार असाही आहे. फिलेमोनाला पौल लिहितो, अनेसिमाचं (फिलेमोनाच्या दासाचं) काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. फरक उघड आहे, पौल फेडायला तयार होता. माझा नियम त्यातूनच निघतो: पूर्ण रक्कम आपल्या खिशातून द्यायची तयारी असेल तरच सही करावी. तीन लाखांची सही करताना तीन लाख गेले असं समजा. तसं समजता येत नसेल तर हात लेखणीकडे नेऊ नका.

मग म्हणायचं काय? "भाऊ, मी कोणालाच जामीन राहत नाही, हा आमच्या घराचा नियम आहे." एवढंच. कारण देऊ नका. कारण दिलं की त्याला उत्तर मिळतं: "अहो, तुमचं कर्ज तर मार्चमध्ये संपतंय!" हवं तर त्याच बोलण्यात मदत द्या, पण परत न मागायची: "मुलीच्या फीसाठी पाच हजार देतो, ते परत करू नकोस." उसने दिलेले पाच हजार मैत्री खातात, दिलेले पाच हजार खात नाहीत. २ करिंथ ९:७ म्हणतं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पाडलं म्हणून नव्हे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला नवरा-बायकोने बसून दशमांशाशिवाय (देवाला द्यायच्या दहाव्या हिश्शाशिवाय) मदतीसाठी महिन्याची एक रक्कम ठरवून ठेवावी. ती संपली की "या महिन्यात संपलं" हे खरं उत्तर असतं.

घरातल्या सीमांवर थोडक्यात, कारण लग्नाच्या उपासनेत उत्पत्ती २:२४ सगळेच ऐकतात. पुरुष आईबापाला सोडून बायकोशी जडून राहील. 'सोडून' म्हणजे टाकून नव्हे. पण पगार किती, मूल कधी, सुट्टीत कुठे जायचं, हे निर्णय आता त्या दोघांचे. सासूबाईंना हे सुनेने सांगू नये, मुलाने सांगावं. सुनेने सांगितलं की ती उद्धट ठरते, मुलगा गप्प बसून साधुसंत ठरतो.

मात्र सीमा म्हणजे जबाबदारीतून पळवाटही नव्हे. मार्क ७ मध्ये लोक आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलं, असं म्हणून हात झटकत. येशूने त्यांना तिथेच झापलं. म्हाताऱ्या आईचं औषधपाणी हा 'माझ्या मनःशांतीचा प्रश्न' होऊ शकत नाही, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही ती मुलांची जबाबदारी आहे. तिथे सीमा आखायची ती भावंडांमध्ये: कोण पैसे देणार, कोण दवाखान्यात नेणार, आई कोणाकडे किती महिने. कागदावर लिहून सगळ्यांनी फोटो काढून ठेवावा. तोंडी ठरलेलं दिवाळीपर्यंत टिकत नाही, आणि सगळं मग जी लेक जवळ राहते तिच्या अंगावर पडतं.

मंडळीतली सेवा हा तर स्वतंत्र आजार. जो नाही म्हणत नाही त्याच्याकडे क्वायर, संडे स्कूल, हार्वेस्ट फेस्टिव्हलचा हिशेब आणि पाहुण्या पाळकांचं जेवण, सगळं येतं. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलेला पाहून सासरे इथ्रो म्हणाले, तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले गेले. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये जेवण वाटपाची तक्रार आली तेव्हा बारा प्रेषितांनी ते काम स्वतःकडे घेतलं नाही, सात माणसं निवडून घेतली. कफर्णहूमात सगळं गाव येशूला शोधत असताना तो म्हणाला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ (मार्क १). सगळे शोधताहेत म्हणून जायलाच हवं, असं त्यालाही वाटलं नाही.

जबाबदारी सोडायची तर भांडून, रागाच्या भरात, रविवारी उपासनेनंतर दारात उभं राहून सोडू नये. पंचकमिटीला तीन महिने आधी लेखी कळवा, शेवटची तारीख घाला, किल्ल्या आणि हिशेबाची वही सहीनिशी सोपवा. आणि शेवटच्या तारखेनंतर "एवढा एक नाताळ तरी" याला बळी पडू नका. तो एक नाताळ कधीच एक नसतो. नवीन काम घेताना मुदतीसकट घ्या, वर्षभर, मग पुन्हा विचार.

"पाळकसाहेबांना नाही कसं म्हणायचं?" पंडिता रमाबाईंनी म्हटलं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर, ज्या मठातल्या सिस्टर्सच्या आश्रयाने त्या राहत होत्या त्यांनाच त्यांनी पत्रांतून कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. शाकाहारही सोडला नाही. विश्वास सोडला नाही, कृतज्ञताही नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारणारी ही बाई हे १८८५ मध्ये लिहू शकली, तर क्वायरमधून वर्षभर सुट्टी मागायला आपल्याला हरकत नसावी.

'प्रार्थनेचा विषय' या नावाखाली चालणारी चर्चाही इथेच येते. "त्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा हं, माहेरी गेलीय." ही प्रार्थना नव्हे, बातमी आहे. कोणी अशी बातमी आणली तर म्हणा, "तिने स्वतः प्रार्थना करायला सांगितलंय का?" बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. आपलं दुःख ग्रुपवर टाकण्याआधी दोन माणसं निवडून त्यांनाच सांगा. येशूनेही गेथशेमानेत बारांपैकी तिघांनाच जवळ नेलं, आणि तेही झोपले.

आता सगळ्यात गंभीर. मार खाणाऱ्या बाईला "मत्तय १८ प्रमाणे आधी एकांती नवऱ्याशी बोल" असं सांगणारे लोक आहेत. ते वचन भावाच्या अपराधाविषयी आहे, मारणाऱ्याच्या खोलीत एकटीला पाठवायला नाही. आणि दुसरा गाल? महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा खुद्द येशूने विचारलं, मी योग्य बोललो तर मला का मारतोस? (योहान १८:२३). अशा वेळी आधी सुरक्षितता, मग समेट. तातडीत ११२, महिलांसाठी १८१. सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्यावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक यांच्या प्रती विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात. पाळकांनी दोघांना समोरासमोर बसवून समुपदेशन करू नये. तिथे ती खरं बोलली तर रात्री घरी त्याची किंमत मोजते.

"पण क्षमा?" क्षमा करावी. मात्र १ शमुवेल २६ पूर्ण वाचावा. आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला दाविदाने तो झोपलेला असताना मारलं नाही, त्याचा भाला आणि पाण्याचा चंबू तेवढा उचलला. शौल म्हणाला, मी पाप केलं, माझ्या मुला, परत ये. दाविदाने भाला परत दिला, पण "तुझा एक माणूस पाठव, तो नेईल" असं म्हणत. स्वतः जवळ गेला नाही. मग दावीद आपल्या वाटेने गेला आणि शौल आपल्या घरी. क्षमा झाली, पण अंतर राहिलं. अंतर कमी करायचं का, हे पुढच्या वर्षभराच्या वागण्यावरून ठरवावं, 'मी पाप केलं' या शब्दांवरून नव्हे.

सीमा आखल्यावर बहुतेक लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक, सीमेला शस्त्र करतात: "तू असं बोललीस तर मी चर्चला येणार नाही." ही धमकी झाली. सीमा म्हणजे दुसऱ्याने काय करावं हे नव्हे, मी काय करणार हे: "आवाज चढला की मी फोन ठेवीन आणि उद्या सकाळी करीन." आणि मग खरंच ठेवायचा, आणि सकाळी खरंच करायचा. दुसरी चूक, पहिल्या आठवड्यात समोरचा चिडला की "देवाला हे आवडत नसेल" असं समजून माघार घेतात. सवय मोडली की माणूस चिडणारच.

नहेम्याला यरुशलेमचा तट बांधताना शत्रूंनी चार वेळा भेटीला बोलावलं. चारही वेळा त्याने तोच निरोप पाठवला: मी मोठ्या कामात आहे, खाली येऊ शकत नाही. पाचव्या वेळी उघडं पत्र आलं, वाटेत सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं, त्यात "तू राजा व्हायला निघालास" अशी अफवा. आजच्या भाषेत, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज. त्याने एका वाक्यात कळवलं की असं काही नाही, हे तुझ्या मनचं आहे. सफाई दिली नाही, साक्षीदार गोळा केले नाहीत. "माझे हात बळकट कर" एवढी प्रार्थना केली आणि पुन्हा दगड रचायला लागला. तट ५२ दिवसांत पुरा झाला. ग्रुपवर तुमच्याविषयी असं काही आलं, तर उत्तर एकदाच, एका वाक्यात, त्याच ग्रुपवर द्या. मग नोटिफिकेशन बंद.